सवाईच्या मंचावर इतके बाज एकत्र कसे नांदतात?

डिसेंबर जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाविषयीच्या शंका वाढू लागतात. त्यांपैकी बहुतेक पत्रांचा रोख या वेळी एकाच गोष्टीकडे आहे, ती म्हणजे ख्याल, धृपद, सतार, संतूर, कथ्थक, अभंग आणि कर्नाटक संगीत यांचे एकाच मंडपात येणे. म्हणून हा अंक आम्ही त्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : एका गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त सुरू झालेल्या या महोत्सवात आता सगळ्या प्रकारचे गाणे-वाजवणे रुखवतासारखे मांडलेले दिसते. किराणा घराण्याचा मूळ सोहळा त्यात हरवला, असे आपल्याला वाटत नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपला टोला बोचरा असला तरी अगदीच निराधार नाही. मात्र ‘मूळ सोहळा’ एकरंगी होता, हे गृहीतक आम्हाला मान्य नाही. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १२ सप्टेंबर १९५२ रोजी निवर्तले आणि १९५३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळ आजही त्याचे आयोजन करते. ज्यांच्या नावाने हे सारे चालते, त्या रामभाऊंची कारकीर्दच एका कप्प्यात मावणारी नव्हती. त्यांनी किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांच्याकडे ख्यालाची तालीम घेतली, आणि पुढे संगीत रंगभूमीवर स्त्री-भूमिकाही गाजवल्या. तेव्हा त्यांच्या स्मृतीच्या मंचावर नाट्यपद किंवा अभंग ऐकू आला, तर तो आगंतुक ठरत नाही.

त्यांचे शिष्यही पाहा. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर हे तिघेही एकाच गुरूकडे शिकले, तरी तिघांच्या गाण्याचे चेहरे निरनिराळे होते. भीमसेनांच्या तानेत झेप आणि दमसास होता, गंगूबाईंचा भारदस्त आवाज एकेका स्वरावर ठाण मांडून बसत असे, तर मुंबईच्या पारशी घरातून आलेले आणि तरुणपणी वाडिया मूव्हीटोनच्या बोलपटांत काम केलेले दस्तूर हे अब्दुल करीम खाँच्या हळुवार स्वरलगावाच्या अधिक जवळचे होते. ‘गोपाला मोरी करुणा’ ऐकल्याशिवाय श्रोते त्यांना उठू देत नसत. घराण्याच्या आतच इतके वैविध्य असताना बाहेरच्या वैविध्याने ते बुडेल, ही भीती आम्हाला पटत नाही.

आपल्या तक्रारीतला आम्हाला पटणारा भाग वेगळा आहे. कलाकारांची संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला तासभर, कधी पाऊण तासच येतो. किराणा पद्धतीच्या अतिविलंबित एकतालात एका मात्रेला चार ते पाच सेकंद लागतात, म्हणजे बारा मात्रांचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचे होते. अर्ध्या तासात अशी फार तर तीस-चाळीस आवर्तने बसतात, आणि त्यातच मंद्र सप्तकापासून तार षड्जापर्यंतची सगळी बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, उरकावी लागते. वैविध्याची किंमत मोजली जाते ती इथे. घराण्याच्या नावाला त्याने धक्का लागत नाही.

प्रश्न : कोणी आधी आणि कोणी नंतर गायचे, हे कशावरून ठरते? मानपानावरून का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मानपान आहेच. नवोदित आधी आणि ज्येष्ठ शेवटी हा आपल्याकडच्या सर्वच संमेलनांचा रिवाज आहे, आणि सवाईत अखेरचे गायन किराणा घराण्याकडे ठेवण्याची प्रथा पडलेली आहे. भीमसेनजींनंतर अनेक वर्षे हा मान प्रभा अत्रे यांच्याकडे होता. त्यांचे जानेवारी २०२४ मध्ये निधन झाले. परंतु मानपानाच्याही आधी येते ते घड्याळ. डिसेंबरच्या मध्याला पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी तीनच्या आसपास सत्र सुरू झाले, तर पहिल्या कलाकारासाठी भीमपलासी, पटदीप, मुलतानी, मधुवंती हा प्रदेश मोकळा असतो. दिवेलागणीला बसणाऱ्याला मारवा, पूरिया किंवा श्री मिळतो, आणि यमन, शुद्ध कल्याण, बिहाग हे त्यानंतर येणाऱ्यांच्या वाट्याला जातात. कोणता राग गायचा हे कलाकार सहसा स्वतःच ठरवतो. त्यामुळे जाणता कलाकार मंचावर चढण्यापूर्वी आपल्या आधी काय झाले, याची चौकशी करतो. एरवी एकाच संध्याकाळी श्रोत्यांच्या पदरी दोनदा पूरिया धनाश्री पडायचा.

त्याखालोखाल विचार करायचा तो कानांचा. पुरुष गायक साधारणपणे काळी एक ते काळी दोन (पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांवरून ठरणारा षड्ज) या पट्टीत गातात, तर स्त्रिया बहुधा काळी चार-पाचच्या आसपास. षड्ज बदलला की नवे तंबोरे कानांत मुरायला थोडा वेळ लागतो. वाद्यवादनानंतरचा प्रसंग तर आणखी नाजूक असतो. सतार किंवा सरोदचा ‘झाला’ (वादनाचा शेवटचा द्रुत भाग) टिपेला पोहोचून तबल्याबरोबरची सवाल-जवाबाची चढाओढ टाळ्यांच्या कडकडाटात संपते, आणि त्यानंतर येणाऱ्या गायकाचा पहिला शांत षड्ज कितीही सुरेल असला तरी सुरुवातीला फिका वाटतो. आमचे मत विचाराल, तर तालवाद्याच्या एकल वादनानंतर लगेच विलंबित ख्याल ठेवणे हा त्या गायकावर अन्याय आहे. मध्ये मोठे मध्यंतर तरी असावे.

प्रश्न : आमचे वडील रमणबागेत रात्र-रात्र बसून पहाटेच्या भैरवीनंतर घरी येत. आता दहाला मंडप का रिकामा होतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा रात्री बारापर्यंत वाढवू शकते. शनिवारचे सत्र अलीकडे मध्यरात्रीपर्यंत चालते, ते या सवलतीमुळे. बंदिस्त सभागृहाला हे बंधन लागू नाही, म्हणूनच कोलकात्याच्या डोव्हर लेन संमेलनात श्रोते आजही रात्रभर बसतात. सवाईचा श्रोतृवर्ग मात्र सभागृहात मावणारा नाही. २०१८ मध्ये महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला, तरी मंडप हा मंडपच राहिला.

नव्या शैली आल्या म्हणून सवाई बदलला, असे अनेक जण लिहितात. आमच्या मते खरा बदल रात्र गेल्यामुळे झाला. दरबारी आणि मालकंस आता नऊ-साडेनऊला उरकावे लागतात, आणि ललित, भटियार, रामकली, तोडी हे पहाट-सकाळचे राग तर या मंडपातून जवळजवळ हद्दपारच झाले आहेत. मैदानाभोवती राहणाऱ्यांच्या झोपेचा हक्क आम्ही नाकारत नाही. पण कोणत्याही नव्या वाद्याने सवाईतून जितके नेले नसेल, तितके या वेळापत्रकाने नेले आहे, हे नोंदवून ठेवायला हवे.

प्रश्न : वादक मंचावर येऊन पंधरा-वीस मिनिटे नुसत्या तारा पिळत बसतात. घरून जुळवून का आणत नाहीत? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : जुळवूनच आणतात. पण मंचामागच्या गारठ्यात लावलेली तार मंचावरच्या दिव्यांखाली तापते, सैलावते आणि सुरातून उतरते. सतारीला वाजवायच्या सहा-सात तारांखेरीज अकरा ते तेरा तरफा, म्हणजे त्यांच्याखाली आपोआप गुंजणाऱ्या तारा, असतात, आणि त्या रागातल्या स्वरांना लावलेल्या असल्यामुळे राग बदलला की त्यांतल्या काही पुन्हा लावाव्या लागतात. काश्मिरी संतूर तर शंभर तारांचे. शिवकुमार शर्मा यांनी तारांची मांडणी बदलली, ते वाद्य मांडीवर घेऊन वाजवायला सुरुवात केली आणि त्याला रागसंगीताच्या मंचावर आणले. तरी एकेक तार चावीने पिळून सुरात आणण्याच्या कामातून सुटका झाली नाही.

तबलजीचेही तसेच. थंडीतल्या दवाने पुडी ओलसर होऊन आवाज उतरतो, म्हणून तो हातोडीने पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर (चामड्याच्या वेणीवर) कधी वरून, कधी खालून ठोकतो आणि फारच फरक असेल तर वादीखालचे गठ्ठे (लाकडी ठोकळे) सरकवतो. धृपदाच्या साथीला पखवाज असेल, तर त्याच्या डाव्या तोंडावर लावलेली ओली कणीक पाहा. ती वाळत गेली की वादक तिला पाण्याचा हात लावतो.

या वेळात चहाला उठणारे श्रोते एक गंमत गमावतात. सतारिया तरफांवरून नखी ओढून स्वर तपासतो, तेव्हा नीट कान दिला तर त्यातच पुढचा राग सापडतो. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम एकत्र किणकिणले, तर बहुधा सायंकाळचा संधिप्रकाश राग येणार. आणि तरफांतून पंचम गायब असेल, तर पूरिया किंवा मारवा यांपैकी एकाची तयारी चालली आहे असे शेजाऱ्याला खुशाल सांगावे.

प्रश्न : एका कर्नाटक वादकाने भर दुपारी चक्क मालकंस वाजवला. हे नियमाला धरून आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : त्या वादकाच्या दृष्टीने तो मालकंस नसून हिंदोळम होता. षड्ज, कोमल गांधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद हे स्वर दोन्हींकडे सारखे. पण गमकांची, म्हणजे स्वर हलवण्याच्या रीतीची, घडण निराळी आणि रागाच्या वेळेचा दंडक तिकडे आपल्याइतका कडक नाही. आपल्या भूपाशी मोहनम्‌चे नातेही असेच आहे. तसे पाहता, कर्नाटक संगीत किराणा घराण्याला परके नाहीच. अब्दुल करीम खाँ यांनी तिकडची सरगमची रीत आपल्या गाण्यात मुरवली आणि त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली. बेळगावच्या वाचकाला हे आम्ही सांगायचे म्हणजे जरा धाडसच.

प्रश्न : मागे बसणाऱ्यांना नर्तकाचे पाय दिसत नाहीत. मग संगीत महोत्सवात कथ्थक कशासाठी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ऐकण्यासाठी. सारंगी किंवा संवादिनीवर सोळा मात्रांचा लहरा (पुन्हा पुन्हा वाजणारी एकच सुरावट) संथपणे फिरत राहतो. त्यावर नर्तक आधी बोल तोंडाने म्हणतो, म्हणजे पढंत करतो, आणि मग तेच बोल घुंगरांतून काढतो. तबला आणि घुंगरू दोन दिशांनी येऊन तिहाईच्या (तीनदा म्हटलेल्या बोलसमूहाच्या) शेवटच्या ‘धा’ला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकत्र पडतात, ते डोळे मिटूनही कळते. भावदर्शनाच्या बाबतीत मात्र आपली तक्रार रास्त आहे. ते पडद्यावर पाहण्यात मजा नाही.

प्रश्न : नोकरीमुळे मला एकाच सत्राला येणे शक्य आहे. शनिवारी रात्री मोठी नावे असतात, तेव्हाच यावे ना? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मोठी नावे एकदा तरी प्रत्यक्ष ऐकावीत, यात वाद नाही. तरीही आम्ही आपल्याला आठवड्यातल्या एखाद्या दुपारी यायला सुचवू, मग त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा पडली तरी चालेल. एरवीच्या मैफली सभागृहांत संध्याकाळी होतात, त्यामुळे यमन आणि बिहाग वर्षभर कानांवर पडतात. मुलतानी किंवा पटदीप त्याच्या वेळेला, समोर बसून ऐकण्याचे प्रसंग मात्र फार थोडे येतात. शिवाय दुपारच्या सत्रात नवोदित जीव ओतून गातात आणि भारतीय बैठकीत पुढची जागा मिळते. पहिल्या कलाकाराच्या आधी अर्धा तास पोहोचावे, राग चालू असताना उठू नये आणि सूर्य मावळल्यावर मैदानात गारठा झपाट्याने वाढतो, म्हणून दुपारी ऊन असले तरी स्वेटर आणि खाली घालायला जाड सतरंजी बरोबर ठेवावी.