राउटर बंद करून एमबीए होत नाही

पत्राचा गोषवारा: 'मुलगा मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीआय ७.४, मॅथ्सची एक केटी, म्हणजे नापास राहिलेला विषय. एमबीए सीईटीचं पुस्तक उघडत नाही. लिनक्स कर्नल म्हणून काहीतरी आहे, त्यात परदेशातले लोक दुरुस्त्या करतात, त्या हा रात्र रात्र तपासत बसतो. पैसा नाही, स्वतः काही बनवणं नाही. त्याला चार शब्द सांगा. – एक वडील, भांडुप'

तुमचं पत्र सात पानी आहे. केटीची काळजी मला दुसऱ्या वाचनात वाटली. पहिल्या वाचनात अडकले ती चौथ्या पानावर: 'म्हणून आम्ही रात्री अकराला राउटर बंद करतो. तरी तो मोबाईलच्या नेटवर बसतो.' वीस वर्षांच्या मुलाचं नेट तोडावं लागतंय आणि तरीही तो बसतोय, यावरून आवड किती ते तुम्हीच लिहून कळवलंय. सात पानांत 'आम्ही ठरवलं', 'आमच्या मनात होतं', 'त्याच्या मामांचंही हेच मत' सगळं आलं. मामांचं मत कळलं. मुलगा काय म्हणतो, त्याचं एक वाक्य शोधून सापडलं नाही. चार शब्द सांगा म्हणता, तर ते तुम्हालाच सांगते.

वेळ वाया जातोय याचा पुरावा म्हणून त्याच्या लॅपटॉपवरून काढलेलं दोन पानी प्रिंटआउट तुम्ही जोडलंय, ते बरं केलंत. मी कॉमर्सची, त्यामुळे बंगळुरूत हेच काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोटो पाठवले आणि फोनवर अर्धा तास समजून घेतलं. तुमचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं असं लिहिलंय, म्हणजे तुम्हाला हे माझ्याहून लवकर कळेल.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क कुणाला कधी मिळणार हे तो ठरवतो. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्यातही लिनक्सचाच कर्नल आहे. आता फोनच्या प्रोसेसरमध्येसुद्धा सहा-आठ कोअर, म्हणजे हिशेब करणारे स्वतंत्र भाग, एकाच वेळी काम करतात, आणि दोघांनी एकाच माहितीला एकदम हात घातला की ती बिघडते. म्हणून लॉक. चाळीतल्या संडासाची किल्ली समजा. एकाने किल्ली उचलली, दुसऱ्याने सामाईक बादली, आणि दोघेही समोरच्याने सोडावी म्हणून गॅलरीत उभे: हा डेडलॉक. उपाय तुमच्या आजीलाही माहीत असेल, आधी किल्ली, मग बादली, सगळ्यांनी याच क्रमाने. दुसरा प्रकार जास्त वेळा घडतो. माणूस किल्ली घेऊन गेला, नळाला पाणी नाही म्हणून परत फिरला आणि किल्ली लेंग्याच्या खिशात तशीच राहिली. मागची रांग बसली ताटकळत.

प्रिंटआउटमधली चूक या दुसऱ्या जातीची आहे. मेमरी मिळाली नाही की फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, लॉक न सोडताच परत फिरत होतं. कुणीतरी ते दुरुस्त केलं, आणि त्या भरात नेहमीच्या वाटेवरचं लॉक सोडणंही दोन ओळी वर सरकवलं. किल्ली खिळ्याला लागली, पण माणूस अजून आतच! तुमच्या चिरंजीवांनी खाली एवढंच विचारलंय: लॉक सोडल्यावर ही नोंद आणखी एकदा वाचली जाते, तेवढ्यात दुसऱ्या कुणी ती मोकळी करून टाकली तर? पुढच्या पानावर त्या माणसाने सुधारलेली दुसरी आवृत्ती पाठवलीय. तुमच्याकडचाच कागद आहे. वाचला असतात तर दिसलं असतं.

'स्वतः काही बनवत नाही, दुसऱ्यांच्या चुका काढतो' हा पत्रातला मोठा गैरसमज. शुद्धलेखन तपासावं तसं हे काम नाही. लॉक घेण्याचा क्रम चुकला तर सांगणारं लॉकडेप नावाचं साधन कर्नलमध्ये २००६ पासून आहे, पण त्याला दिसतात त्या प्रत्यक्ष चालून गेलेल्या वाटा. शंभरात एकदा लागणारी चुकीची वाट, आणि हे लॉक मुळात कोणत्या माहितीसाठी ठेवलंय, हे माणसालाच वाचून ताडावं लागतं. 'डर्टी काऊ' नावाची याच कुळीतली एक चूक, दोन कामांच्या शर्यतीतून होणारी, २००७ पासून कर्नलमध्ये होती. २०१६ मध्ये ती उघड झाली तेव्हा कळलं, की साधा वापरकर्ता तिच्या आधारे अख्ख्या मशीनचा मालक होऊ शकत होता. आणि दुरुस्ती म्हणजे चुटकीसरशी काम असंही नाही. १९९६ च्या २.० आवृत्तीत एकाहून जास्त प्रोसेसरची सोय आली ती सगळ्या कर्नलला मिळून एक मोठं लॉक घालून. अख्ख्या चाळीला एक किल्ली. सोय झाली, रांगाही लागल्या. ते लॉक थोडं थोडं सोडवत पुरतं काढायला २०११ उजाडलं. पॅच, म्हणजे अशा दुरुस्त्या, लिहिणारे पुष्कळ मिळतात. नीट वाचणारे कमी पडतात, ही तिथल्या जुन्या मंडळींची नेहमीची तक्रार.

फुकट काम करतो, हे आजच्यापुरतं खरं. पण कर्नलमधलं बहुतेक काम पगारी लोक करतात. चिप बनवणाऱ्या, सर्व्हर आणि क्लाउडवाल्या कंपन्या त्यांना पोसतात. अशा नोकऱ्या बंगळुरू, हैदराबाद, थोड्या पुण्यात. मुंबईत फारशा नाहीत, तेव्हा मुलगा भांडुपात राहूनच नोकरी करील असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. नोकरीची हमी मी देत नाही. एमबीए सीईटीचीही कुठे देते?

गेटमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय आहेच, एमटेक करायचं मनात आलं तर द्यावी. एमबीए दोन-तीन वर्षं नोकरी करूनही होतं.

आता मुलासाठी, हे त्याला वाचायला द्या. केटी काढ. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या लाइव्ह केटी दिसली की अर्ज बाजूला ठेवतात. तुला लॉकिंग किती कळतं हे सांगायची वेळच येत नाही. दुसरं, पॅचखाली 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून नाव लावतोस तेव्हा मी हे तपासलं, शंका विचारल्या, आणि हे आत जायला हरकत नाही, असं तू लिहून देत असतोस. ते नाव कर्नलच्या इतिहासात राहतं. रेझ्युमेसाठी एक प्रश्नही न विचारता दहा ठिकाणी नाव डकवणारे तिथे लगेच ओळखू येतात. तुझा तो एक प्रश्न त्या दहा नावांहून जड आहे. तिसरं, नुसतं तपासू नकोस. स्वतःचे दोन-चार छोटे पॅच पाठव आणि इतरांकडून बोलणी खा. वडिलांची एवढी तक्रार मला मान्य आहे.

तुम्हाला काम एकच. रविवारी दुपारी त्याला शेजारी बसवून हा कागद समजावून सांगायला सांगा. मध्ये मामांना फोन लावू नका. केटीचा फॉर्म भरला का, हेही तेव्हाच विचारा, कारण सात पानांत तेही कुठे नाही.

प्रिंटआउट सोबत परत पाठवत आहे. ते लॅपटॉपवरून काढताना त्याला विचारलं नव्हतंत, असा माझा अंदाज आहे. देताना तेवढं सांगून टाका.