दर वर्षीची थीम पार्क सहल थांबवावी लागते तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेली तीन वर्षं मार्चच्या सुट्टीत फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डला जात होतात, यंदा सगळी बेरीज केल्यावर बुकिंग रद्द केलंत. मोठा आठ वर्षांचा, धाकटी साडेतीनची, दोघंही हिरमुसली आहेत. बाकीची कुटुंबं हे कसं निभावतात, हप्त्यांवर जावं का, की धाकटी मोठी होईपर्यंत थांबावं, असं तुम्ही विचारलंय. मी पंधरा वर्षं मुलांना घेऊन या पार्कांना जाते आहे, ओळखीतल्या अनेकांच्या सहली आखून दिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बिलाबद्दल. ‘एका वर्षात एवढी वाढ कशी?’ असं तुम्ही लिहिलंय. तिकिटं वाढली आहेतच, पण तुमच्या बिलातली मोठी उडी धाकटीच्या तिसऱ्या वाढदिवसाची आहे. डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कांत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तीन पूर्ण झाली की लागतं, आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचं तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा अगदी थोडंच स्वस्त असतं. म्हणजे आतापर्यंत तुम्ही तीन तिकिटांवर जात होतात, आता चार लागतात. पुष्कळ आईवडील मुलाला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत जाऊन येऊ म्हणून धावपळ करतात, त्यात फारसं वाचत नाही. खरं वाचतं ते तिसऱ्या वाढदिवसाआधी, आणि ती वर्षं तुम्ही चांगली वापरलीत.

आता तिकिटांचं. डिस्नी वर्ल्ड ऑक्टोबर १९७१ मध्ये उघडलं तेव्हा मोठ्या माणसाचं प्रवेश तिकीट साडेतीन डॉलर होतं. महागाई धरली तर आजचे सुमारे २८ डॉलर. आज डिस्नी वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कचं नाताळच्या आठवड्यातलं एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर गेलंय. पण ही तुलना इथेच सोडली तर ती अर्धवट राहते. १९७१ मध्ये त्या साडेतीन डॉलरमध्ये नुसतं आत जाता यायचं. राइडसाठी कुपनांचं पुस्तक वेगळं घ्यावं लागायचं, साध्या राइडला ‘ए’ कुपन आणि सगळ्यात भारी राइडला ‘ई’. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एका तिकिटात सगळ्या राइड मिळू लागल्या. आपल्या डोक्यात थीम पार्कच्या सहलीचं जे चित्र आहे, दारात एकदा पैसे भरायचे आणि मग दिवसभर पाकिटाचा विचार करायचा नाही, ते तिथून पुढचं आहे.

१९९९ मध्ये फास्टपास आला तोही फुकट होता. वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी छोट्या रांगेतून आत जायचं. २०२० मध्ये पार्क बंद पडले, उघडल्यावर ही सोय परत आली नाही, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे भरून घ्यायची सेवा आली. डिस्नी वर्ल्डमध्ये सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर होते, डिसेंबर २०२३ मधल्या गर्दीत ते ३९ झाले. आता तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास आहे आणि सगळ्यात लोकप्रिय राइडचे पैसे त्याहून वेगळे. २०२४ च्या शेवटी रांग वाचवणारा त्याहून महाग प्रीमियर पास आला, त्याचे दर सर्वाधिक गर्दीच्या दिवसांसाठी माणशी ४४९ डॉलरपर्यंत होते, आणि हे प्रवेश तिकीट सोडून. विमानतळावरून हॉटेलात नेणारी फुकट बस २०२२ च्या सुरुवातीपासून बंद झाली. थोडक्यात, कुपनांचं पुस्तक परत आलंय, फक्त या वेळी दारातलं तिकीटही मोठं आहे.

घरच्यांच्या सवयी बदलल्या त्या तिकिटाच्या आकड्याइतक्याच या तुकड्यातुकड्याने पैसे भरण्यामुळे, असं माझं मत आहे. पूर्वी घरात एकदाच बोलणं व्हायचं, जायचं की नाही. आता जायचं ठरल्यावरही रोज सकाळी ठरवायचं असतं की आज रांगेचे पैसे भरायचे का, कुठल्या राइडला भरायचे, चौघांना की दोघांनाच. सहलीत आईवडिलांपैकी एकाच्या हातात सतत फोन असतो. माझ्या ओळखीत दोन कुटुंबं अशी आहेत ज्यांना पैशांची अडचण नव्हती, तरी त्यांनी या कटकटीमुळेच जाणं सोडलं.

दुसरी गोष्ट तारखांची. २०१६ पासून डिस्नीने एका दिवसाच्या तिकिटांचे दर हंगामाप्रमाणे वेगळे केले, २०१८ पासून डिस्नी वर्ल्डमध्ये तारखेप्रमाणे. ज्यांना कधीही निघता येतं त्यांचं भलं झालं. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांच्या वाट्याला मात्र नेमके महाग दिवस आले, कारण शाळांना सुट्टी असते तेव्हाच दर चढतात. तुम्ही मार्चमध्ये जाता, म्हणजे जवळजवळ चढ्या भावातच. डिस्नी वर्ल्डची सगळ्यात स्वस्त तिकिटं ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये असतात. कडक ऊन, दुपारचा पाऊस आणि चक्रीवादळांचा मोसम, ही त्याची किंमत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू होतात, उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर. तुमच्या मुलाची शाळा सप्टेंबरात उघडत असेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा तुमच्यासाठी आहे. शाळा बुडवून नेणारेही वाढलेत. पहिली-दुसरीत दोन दिवस बुडाले तर मी काही म्हणणार नाही, पुढच्या वर्गांत मी स्वतः ते केलं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बाकीचे काय करतात. सगळ्यात जास्त दिसतं ते अंतर वाढवणं. दर वर्षी जाणारे तीन-चार वर्षांनी जातात. मग दिवस कमी करणं, पण इथे सांभाळा. तिकीट जितक्या जास्त दिवसांचं, तितका दर दिवसाचा भाव उतरतो, त्यामुळे पाचवा दिवस कागदावर जवळजवळ फुकट वाटतो. तो दिवस कमी केल्यावर तिकिटात थोडंच वाचतं. खरी बचत एका रात्रीच्या हॉटेलची आणि चार माणसांच्या दिवसभराच्या खाण्याची असते. हिशेब तिकिटाच्या तक्त्यावर न करता पूर्ण दिवसाचा करा. काही जण मुक्काम तेवढाच ठेवून पार्क वाटून घेतात. मे २०२५ मध्ये डिस्नी वर्ल्डजवळच ऑरलँडोत युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचं एपिक युनिव्हर्स पार्क उघडल्यापासून दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे असं करणारे मला बरेच भेटले. त्याने खर्च कमी होत नाही, दमणूक मात्र वाढते. आजी-आजोबांना आत न नेता हॉटेलवर ठेवणं हा एक बदल मला मनापासून खटकतो. पूर्वी ते एका बाकावर बसून नातवंडांची वाट पाहायचे. आता त्या बाकावर बसायलाच दीडशे डॉलर पडतात, म्हणून ते येतच नाहीत.

काही जण टोकियोचं गणित मांडतात. तिथल्या डिस्नी पार्कचं एका दिवसाचं तिकीट ऑक्टोबर २०२३ पासून ७,९०० ते १०,९०० येन आहे, म्हणजे महाग दिवशीही सत्तर-पंच्याहत्तर डॉलर. आकडा मोहात पाडतो. पण चौघांचं विमानभाडं धरलं की ती बचत उरत नाही. जपान बघायचंच असेल तर तिथल्या पार्कला एक दिवस जरूर द्या, नुसत्या पार्कसाठी जाऊ नका.

खरा बदल मात्र या सगळ्यापेक्षा वेगळा आहे, आणि तो मी माझ्याच घरात पाहिला. आम्हीही दर वर्षी जाणारे. मग चार वर्षांचा खंड पडला. चार वर्षं बाजूला टाकलेले पैसे घेऊन गेलो तेव्हा मी तासातासाचा तक्ता केला होता, पहाटे साडेपाचचा गजर होता. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. पार्कच्या दारापर्यंत तळ्यातून बोट जाते, ती त्याला इतकी आवडली की उतरताच तो म्हणाला, परत बसू. मी नाही म्हटलं. दुपारी पुन्हा म्हणाला, तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. एवढे पैसे भरलेत ते बोटीत बसायला का, असं काहीतरी बोलले. तो गप्प झाला आणि उरलेला दिवस सगळ्या राइडना निमूटपणे रांगेत उभा राहिला. दर वर्षी जायचो तेव्हा मी असं बोलले नसते. तेव्हा एखादी राइड राहिली तर पुढच्या वर्षी बघू म्हणायचो, पाऊस आला तर हॉटेलवर येऊन झोपायचो. सहल दुर्मीळ झाली आणि तिचा प्रत्येक तास वसूल करण्याची घाई माझ्या अंगात शिरली. मी ज्यांच्या सहली आखते त्यांच्यात आता हेच दिसतं. भांडणं पैशांवरून होत नाहीत, वेळेवरून होतात.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. दर सहलीत एक पूर्ण दिवस विनातिकिटाचा ठेवायचा, शेवटी नाही, मधोमध. डिस्नी वर्ल्डमध्ये मोनोरेल, तळ्यातल्या बोटी, स्कायलायनरचे तारेवरचे पाळणे, डिस्नी स्प्रिंग्जचा बाजार, यांतल्या कशालाच पार्कचं तिकीट लागत नाही. धाकट्याने पुढच्या वेळी एका सकाळी त्याच बोटीच्या पाच फेऱ्या केल्या. तुमची मुलगी साडेतीनची आहे, तिला असा दिवस मॅजिक किंगडमइतकाच मोठा वाटेल. आणि पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, फक्त काचेच्या बाटल्या चालत नाहीत. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं. दिवसाला चाळीस-पन्नास डॉलर यातच वाचतात.

हप्त्यांबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे, नको. लेंडिंगट्री या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत, डिस्नीला जाऊन आलेल्या आणि १८ वर्षांखालची मुलं असलेल्या पालकांपैकी ४५ टक्क्यांनी त्यासाठी कर्ज झाल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये हेच प्रमाण ३० टक्के होतं. तुम्ही एकटे नाही हे कळावं म्हणून आकडा दिला, तसं करावं म्हणून नाही. दर वर्षीच्या सहलीचे हप्ते पुढच्या सहलीपर्यंत चालू राहतात, आणि मग ती सहल आणखी तणावाची होते. कुणाच्या आजारपणामुळे किंवा घरातल्या मोठ्या बदलामुळे आत्ताच जायला हवं असेल तर गोष्ट निराळी, तुमच्या लिहिण्यात तसं काही नाही.

थांबावं का? हो, पण किती ते मुलांच्या उंचीवर ठरवा. काही राइडना किमान उंची लागते. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७ सेंटिमीटर लागतात, स्पेस माउंटनला ११२, ट्रॉनला १२२. तुमचा मुलगा बहुधा आताच तिन्हींत बसेल. मुलगी ११२ ला पोचायला साधारण सहाव्या वर्षापर्यंत वेळ जाईल. म्हणजे अडीच वर्षं. तेव्हा मुलगा साडेदहाचा असेल, बहिणीबरोबर राइडला बसायला अजून तयार. चार वर्षं थांबलात तर तो बारा पार करेल, आणि या वयातली मुलं बहिणीबरोबर नको, मित्राबरोबर जातो म्हणतात हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. म्हणून अडीच, चार नाही. मधल्या काळात जायची संधी आलीच तर रायडर स्विच फुकट आहे हे ध्यानात ठेवा. तुमच्यापैकी एक जण मुलीजवळ थांबतो, दुसरा मुलाबरोबर राइड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता बसता येतं.

आणि मधली वर्षं रिकामी ठेवू नका. इंडियानातल्या सांता क्लॉज गावात हॉलिडे वर्ल्ड आहे, तिथे पार्किंग, थंड पेयं आणि सनस्क्रीन तिकिटातच येतं. पेनसिल्व्हेनियातलं कनोबेल्स पार्क १९२६ पासून चालू आहे, आत जायला पैसेच लागत नाहीत, ज्या राइडला बसाल तिचंच तिकीट. तिथे आजी-आजोबा अजूनही बाकावर बसलेले दिसतात. जवळच्या पार्कचा सीझन पास दोन-तीन फेऱ्यांत वसूल होतो, पण तो घेतल्यावर सगळे शनिवार-रविवार तिथेच जाऊ लागले असंही होतं, तेव्हा आधी एकदा साध्या तिकिटावर जाऊन बघा. सवलतींकडेही लक्ष असू द्या. गर्दी कमी असली की पार्क मुलांची तिकिटं स्वस्त करतात. २०२४ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडने तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी एका दिवसाचं तिकीट ५० डॉलरपर्यंत खाली आणलं होतं.

मुलांना काय सांगायचं, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. आठ वर्षांच्या मुलाला आकडा सांगा. ‘महाग आहे’ एवढंच सांगितलं तर तो मनात काहीही समजतो. मी माझ्या मोठीला कागदावर दाखवलं होतं की एका दिवसाला इतके, आपल्याकडे महिन्याला इतके बाजूला पडतात, म्हणजे इतके महिने. तिने भिंतीवर महिन्यांच्या चौकटी काढल्या आणि दर महिन्याला एक रंगवायची.

मुलीची आताची उंची आणि मुलाच्या शाळेची सुरू होण्याची तारीख इथे लिहा. त्यावरून अडीच वर्षांनंतरचा नेमका आठवडा सुचवते, आणि त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांसाठी गाडीने जाता येतील असे पार्कही.