दिव्या देशमुख समोर दिसली तर

अरे, नागपुरात बुद्धिबळ खेळतोस म्हटल्यावर कधी ना कधी सोनेगाव विमानतळावर नाहीतर एखाद्या स्पर्धेच्या हॉलबाहेर आपल्या नागपूरची ग्रँडमास्टर दिव्या दिसेलच. तेव्हा आधी मोबाइल खिशात ठेव. सेल्फी मागणारे ढीगभर असतात.

डाव सुरू व्हायला थोडाच वेळ असेल तर हाकही मारू नको. त्या वेळी खेळाडूच्या डोक्यात ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, घोळत असतात. डाव हरून बाहेर येत असेल तर वाट सोडून उभा राहा बाप्पा!

निवांत दिसली तर नाव सांग आणि एकच नेमका प्रश्न विचार. 2025 च्या जॉर्जियातल्या बाटुमीच्या महिला विश्वचषक फायनलमध्ये कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले, निकाल टायब्रेकच्या रॅपिडला, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या कमी वेळेच्या डावांत, लागला. टायब्रेकच्या आदल्या रात्री झोप लागली का, हे विचार. "पुढचं टायटल कधी?" हे मात्र नको, ते पत्रकार विचारतातच.

सही हवी असेल तर स्वतःच्या डावाची स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, दे. गुळगुळीत फोटोवर बॉलपेन उठत नाही. पेन टोपण काढून, वहीचा पुठ्ठा खाली धरून पुढे कर. सोबत आई-बाबा असतील तर त्यांना आधी नमस्कार.