शहराच्या पुरवणीत सदर लिहून पोट भरतं का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात राहता, बँकेत आहात, वय 32, आणि नोकरी सोडून एखाद्या दैनिकाच्या शहर पुरवणीत सदर लिहायचं मनात आहे. पोट भरेल का आणि सुरुवात कुठून करू, हे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर लगेच देते: नोकरी सोडू नका.

मी 2011 ते 2020 एका दैनिकाच्या ठाणे पुरवणीत दर गुरुवारी लिहीत होते. शाळेतली नोकरी होती म्हणून जमलं. सुरुवातीला लेखाला 500 रुपये मिळायचे. वर्षाचे 52 गुरुवार धरले तर 26,000, पण तेवढे कधीच झाले नाहीत. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरची अर्धं पान जाहिरात आली की पहिली कुऱ्हाड सदरावर. बातमी शिळी होते, सदर 'पुढच्या आठवड्यात घेऊ' म्हणून बाजूला ठेवता येतं. आणि छापून आलं नाही तर पैसे नाहीत. पुढे लेखाचे 1,000 झाले, तेव्हा वर्षाची रक्कम तेव्हाच्या 30,000 च्या मर्यादेपलीकडे गेली आणि 10 टक्के टीडीएस कापायला लागले! चेक तीन-तीन महिन्यांनी. पीएफ, रजा वगैरे काही नाही, कारण आपण बाहेरचे.

तरीही नऊ वर्षं का लिहिलं, ते सांगते.

बाहेरून बघणाऱ्याला सदर म्हणजे मतं मांडायची जागा वाटते. मलाही वाटायचं. पहिल्या दहा-बारा लेखांत माझी सगळी मतं संपली. रिक्षावाले, खड्डे, गणपतीतले स्पीकर, झालं! तेराव्या आठवड्याला काय लिहायचं? तेव्हा डेस्कवरच्या एका जुन्या उपसंपादकांनी सांगितलं, "मॅडम, बातम्या वाचू नका, जाहीर नोटिसा वाचा." झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आधी नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. तसली एक बारीक टायपातली नोटीस घेऊन मी वागळे इस्टेटमध्ये झाड शोधत गेले. पिंपळ सापडला. खोडावर आकडा रंगवलेला, आणि त्याच खोडाला खिळे ठोकून दुरुस्तीच्या चपला टांगलेल्या. खाली बसलेल्या चर्मकार काकांनी चष्म्यावरून बघितलं. "पालिकेच्या का तुम्ही?" नाही म्हटल्यावर पाट सरकवून दिला. झाड जाणार हे त्यांना माहीतच नव्हतं. खोडावरचा नंबर कुणीतरी मोजणीसाठी टाकलाय अशी त्यांची समजूत. तो लेख मी फक्त त्या चपलांवर लिहिला, झाडे वाचवा वगैरे एक अक्षर नाही. मला आलेल्या फोनांपैकी निम्मे त्या एका लेखाचे असतील.

फोन म्हणजे काय, गाठणंच. राज्यभर जाणाऱ्या पानावर चूक झाली तर पत्र येतं. शहराच्या सदरातल्या माणसाचा वाचक दोन गल्ल्या सोडून राहतो. एका एप्रिलमध्ये मी 16 एप्रिल 1853 च्या पहिल्या रेल्वेगाडीवर लिहिलं आणि बिनधास्त 'व्हीटीहून ठाण्याला' असं ठोकून दिलं. शनिवारी जांभळी नाक्यावर भाजी घेताना शेजारी एक गृहस्थ भेंडीची टोकं मोडून बघत होते. टोक मोडतामोडताच म्हणाले, "बाई, 1853 ला व्हीटी कुठलं? बोरीबंदर लिहायचं. व्हीटीचं बांधकामच 1878 ला सुरू झालं." निवृत्त मोटरमन! भाजीवाला हसत होता. पुढच्या गुरुवारी शेवटी दोन ओळींचा खुलासा छापून घेतला, आणि तेव्हापासून सनावळी असेल तर आधी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायची सवय लागली. 1893 सालची संस्था आहे, बँकेतून सुटल्यावर तुम्हीही जाऊ शकता. 1866 साली ठाण्यातून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघत होतं, ही माहिती मला तिथलंच वाचन करताना मिळाली. म्हणजे आपल्या गावाला छापील शब्दाची सवय आजची नाही.

हे वाचकाचं जवळ असणं दुसऱ्या बाजूनेही लागतं. एकदा आमच्याच प्रभागातल्या गटारावर लिहिलं, तर संध्याकाळी दोन कार्यकर्ते दारात. अत्यंत नम्र. चहा घेतला, "साहेबांनी नमस्कार सांगितलाय" म्हणाले आणि गेले. धमकी नाही, काही नाही, पण त्या रात्री मी दाराची कडी दोनदा तपासली. लिहिणं थांबवलं नाही. मात्र त्यानंतर प्रत्येक आरोपाचा कागद हाताशी असल्याशिवाय ओळ लिहिली नाही. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, तो करायला शिका.

सदर बंद कसं झालं? मार्च 2020 ला टाळेबंदी लागली, घरोघरी अंक जाईना, जाहिराती आटल्या. पुरवणीची पानं आधी कमी झाली, मग ती मुख्य अंकात शिरली. मला कुणी बंद केलंय असं कळवलंच नाही. दोन लेख पाठवले, उत्तर नाही, तिसरा मी पाठवला नाही. हे मात्र लागलं.

आता सुरुवातीचं. आधी वाचकपत्रं पाठवा, दीडशे शब्दांची. माझा प्रवेश तिथूनच झाला. तीन-चार छापून आली की सदराचा प्रस्ताव द्या, पण कल्पना सांगू नका, चार तयार लेख जोडा, शब्दमर्यादेत, युनिकोडमध्ये. ठाणे सोडून नवी मुंबईत शिरणार असाल तर ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा आणि खारघर-पनवेल रायगड, हे पक्कं डोक्यात ठेवा, तिथेही एखादा मोटरमन भेटतोच. मेल संपादकांना नको, पुरवणी बघणाऱ्या उपसंपादकांना करा. आणि फोन दुपारी करा. संध्याकाळी सहानंतर पानं लावायची घाई असते, तेव्हा केलात तर नाव कायमचं लक्षात राहील, पण चुकीच्या कारणाने.