अंक छापायला देण्याआधी

प्रिय संपादिकाबाई,

अनेक आशीर्वाद.

तुझा अंक काल रात्री वाचला. मोबाइलवर अक्षर दिसेना म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसलो. खोड जात नाही. आठ पानांत ‘उत्साहात संपन्न’ नऊ वेळा आलंय, ‘मोलाचे मार्गदर्शन’ सात वेळा. ‘यावेळी मान्यवर उपस्थित होते’ मोजायचं मी चौथ्या पानावर सोडून दिलं. रागावू नकोस. मी लेक्चरर असताना अकरा वर्षं आपल्या कॉलेजचं हेच वार्तापत्र काढलं आणि पहिली काही वर्षं तरी ते असंच होतं. वॉर्डातलं पोस्टिंग, फार्मॅकोलॉजीचे तक्ते आणि इंटर्नल्स सांभाळून सेकंड एमबीबीएसच्या मुलीनं हे काम अंगावर घेतलं, याचं मला खरंच कौतुक आहे. पण तू विचारलंस, ‘सर, काय कमी पडतंय?’, म्हणून लिहितोय.

मी नावं मोजली. व्यासपीठावर बसलेल्यांची चाळीसएक आहेत, हुद्द्यांसकट. खाली बसलेल्यांचं एकही नाही.

पान तीन घे. कुटुंब दत्तक उपक्रमाची बातमी. ‘विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबांना भेटी दिल्या. असंख्य लाभार्थ्यांनी शिबिराचा लाभ घेतला.’ लाभार्थी लाभ घेणार नाही तर काय घेणार, बाई? आणि असंख्य म्हणजे किती? कम्युनिटी मेडिसिनच्या माणसाला असंख्य हा शब्द शोभत नाही. तपासणीचं रजिस्टर होतं ना, त्यातला आकडा घे. पण खरी गोष्ट आकड्याचीही नाही. मागच्या रविवारी तूच मला फोनवर सांगितलंस की तुझ्या वाट्याच्या घरातल्या आजीनं तुझा नंबर कालनिर्णयच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, खाली ‘डाक्टरीण’ असं. आणि त्याच कालनिर्णयवर बीपीची गोळी घेतली की ती पेनानं टिंब देते. टिंबं एक दिवसाआड होती. तू विचारलंस तेव्हा कळलं की एका खेपेला पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळतात आणि एसटीचं जमवून तालुक्याला जाणं तिला महिन्यातून एकदाच होतं. म्हणून पंधरा गोळ्या तिनं तीस दिवसांवर पसरल्या. हिशोब चोख, बीपी मात्र १७०.

ही बातमी तुझ्या अंकात कुठंय? तुझ्या चार पुस्तकांत ‘पेशंट औषधं नियमित घेत नाही’ एवढं एकच वाक्य मिळेल. कारण त्या भिंतीवर होतं आणि ते तू वाचलंस. शिबिराची बातमी तिथून सुरू कर, उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं ते शेवटच्या ओळीत टाक. डीनसाहेब रागावणार नाहीत. रागावले तर माझं नाव सांग.

आजीचं नाव आणि गाव मात्र छापू नकोस. आणि पान पाचवरचा तो फोटो काढून टाक. क्षयरोग तपासणीच्या रांगेतला माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय. खोकला तपासायला आलेला माणूस फोटो काढून घ्यायला आलेला नसतो. पेशंटची ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही नियतकालिकात छापू नये, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. त्याच्या गल्लीत उद्या हा अंक कोणाच्या तरी हातात पडला तर त्या घरात पाहुणे चहा पिणं बंद करतील. आपल्याकडे टीबीचं अजूनही तसंच आहे. ‘चेहरा ब्लर करते’ म्हणशील. शर्ट ओळखतात गं लोक. रांग पाठीमागून घे, नाहीतर थुंकीच्या नमुन्यांच्या डब्या भरलेला ट्रे घे. तसाही शालश्रीफळाच्या फोटोपेक्षा तो बरा दिसेल.

एकीकडे नावं लिही म्हणतो आणि दुसरीकडे लपव म्हणतो, असं तुला वाटेल. आजार घेऊन आलेल्याचं नाव झाक. काम करायला आलेल्याचं लिही, आणि नीट विचारून लिही.

नीट विचारून हे का म्हणतो ते सांगतो. आनंदीबाई जोशींचा तो फोटो तू पाहिला असशील: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियन पोशाखातल्या साबात इस्लामबुली. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात डीन रेचल बॉडली यांनी दिलेल्या स्वागतसमारंभातला. म्हणजे बघ, तुझ्या भाषेत ‘कॉलेजमध्ये स्वागतसमारंभ उत्साहात संपन्न’. त्या फोटोखालच्या ओळी कधी वाचल्यास? तिघींनाही ‘डॉक्टर’ लावलंय, पण तेव्हा तिघीही विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाईंची पदवी ११ मार्च १८८६ ची. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई गेल्या होत्या. साबातचं झालंय ‘ताबात’. आणि आनंदीबाईंचं गाव लिहिलंय ‘सेरानिसोर’. असं गावच नाही. गोपाळराव बंगालात पोस्टात होते, ते श्रीरामपूर, इंग्रजांचं सेरामपोर. आनंदीबाई तिथूनच अमेरिकेला निघाल्या. कोणीतरी घाईत लिहिलेलं अक्षर कोणीतरी चुकीचं वाचलं असणार. पदवीनंतर वर्षाच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात आनंदीबाई गेल्या. फोटो राहिला, आणि त्याच्याबरोबर सेरानिसोरही. समारंभात भाषणं कोणाची झाली, पाहुणे कोण होते, हे आज कोणीही विचारत नाही.

आता माझी चूक सांगतो. कोणाला सांगायची नसते असली, पण तुला उपयोगाची आहे.

१९९६. ॲनाटॉमीत एक देहदान झालं. आजच्यासारखं त्याचं फारसं चलन नव्हतं, मृत्युपत्रात लिहून ठेवणारे थोडे, आणि लिहिलेलं पाळणारे नातेवाईक त्याहून थोडे. मी बातमी केली. ‘एका ज्येष्ठ नागरिकाचे देहदान. याप्रसंगी अधिष्ठाता, विभागप्रमुख व अध्यापकवर्ग उपस्थित होते.’ नाव दिलं होतं, घरच्यांची संमती होती, पण मी ते कोणाला तरी विचारून कागदाच्या कपट्यावर उतरवलेलं. आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला. तीनेक आठवड्यांनी त्यांची मुलगी विभागात आली. शाळेत शिक्षिका होत्या बाई. पर्समधून अंक काढला; त्या ‘ल’भोवती लाल पेनानं गोल होता, वहीत चूक दाखवावी तसा. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘आमच्याकडे अस्थी नाहीत, दहावं-तेरावं काही केलं नाही. बाबांचं शेवटचं असं काही म्हणाल तर एवढाच कागद आहे. तेवढा बरोबर करून द्या.’

मला काय बोलावं सुचेना. डिसेक्शन हॉलचा कर्मचारी, आपला मामा, दारात उभा होता. तो आत गेला आणि देह स्वीकारल्याची नोंदवही घेऊन आला. त्यात नाव बरोबर होतं, ळ सकट, त्याच्याच अक्षरात. मुलाकडून दोनदा विचारून घेतलं होतं म्हणे. मी त्याच इमारतीत, एक जिना वर बसायचो. खाली उतरून त्याला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. प्रेसवाल्याकडून बारीक पट्ट्या छापून आणल्या आणि मी, मामा आणि दोन हाऊसमन अशा चौघांनी हॉलच्या बाहेरच्या बाकावर बसून उरलेल्या सगळ्या अंकांवर डिंकानं त्या चिकटवल्या. वाटून झालेल्यांचं काय करणार! बाईंना मात्र नवा छापलेला अंक नेऊन दिला. त्यांनी तो तिथंच उभ्या उभ्या वाचला आणि मग चहा केला.

त्यानंतर माझी एक सवय झाली. बातमी लिहून झाली की मी विचारायचो, ही वीस वर्षांनी कपाटातून कोण काढून बघेल? प्रमुख पाहुणे बघणार नाहीत, त्यांच्याकडे असले अंक पोत्यानं असतात. 

पान सहावर अवयवदान दिन आहे. ३ ऑगस्ट, रॅली, घोषणा, पोस्टर स्पर्धेचा निकाल. सगळं ठीक. ३ ऑगस्टच का, हे कोणी सांगितलं का? आधी हा दिवस नोव्हेंबरात असायचा, २०२३ पासून ऑगस्टात आला. ३ ऑगस्ट १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या चमूनं हृदयरोपण यशस्वी केलं, म्हणून. पण ते देशातलं पहिलं नव्हे. पहिलं मुंबईत, केईएममध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केलं. केप टाऊनला बर्नार्डनं जगातलं पहिलं केलं, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. आपल्याकडचा रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तोही असाच संपला. मग सव्वीस वर्षं काही नाही. मेंदू कायमचा थांबला पण हृदय अजून चालू आहे, अशा मेंदूमृत्यूला आपल्या कायद्यानं मान्यता दिली तीच १९९४ साली. आता सांग, सेन यांच्या त्या रात्रीची बातमी कॉलेजच्या वार्तापत्रानं छापायची की नाही? मी छापली असती. कोणती शस्त्रक्रिया केली, किती तास चालली, पेशंट का गेला, थिएटरमध्ये कोण कोण उभे होते, सगळं. यशाच्या बातम्या वर्तमानपत्रवाले छापतातच. तुझ्या अंकात मात्र गेल्या तीन महिन्यांत कोणाचंच काही बिघडलेलं नाही. हॉस्टेलला पाणी नव्हतं ना? किती दिवस, कुठल्या मजल्यांवर, टँकर कधी आला, आणि वॉर्डन काय म्हणाले, चारच ओळी लिही. ‘तीव्र नाराजी’ वगैरे नको. तारखा पुरतात.

गॅदरिंगबद्दल फार बोलत नाही. एकच: ‘एकांकिका सादर करण्यात आली’ हे वाक्य खोड. कुठली, कोणी बसवली, लाइट्स कोणी केले, विंगेत प्रॉम्प्टर कोण होता ते लिही. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे, तिघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. त्यांच्या कॉलेजच्या नाटकाची बातमी ‘एकांकिका सादर करण्यात आली’ अशी कोणी उरकली असती, तर काय हाती लागलं असतं?

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. पान आठ, तळाची चौकट, जाहिरातीच्या वर. ‘शरीररचनाशास्त्र विभागातील कर्मचारी प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त होत आहेत. त्यांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.’ चौकटीत नाव नाही. तुला सुचलं नसेल, वर कोणी तरी तसंच लिहून दिलं असेल. हा तोच मामा. तेव्हा तिशीतला होता.

हाफकिनचं तुला माहीत असेल. १८९६ च्या ऑक्टोबरात तो प्लेगची लस करायला मुंबईत आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात एका व्हरांड्यात त्यानं प्रयोगशाळा थाटली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस झाली, १० जानेवारी १८९७ ला त्यानं ती स्वतःला टोचून घेतली. पुढं परळच्या संस्थेला त्याचं नाव लागलं, ते योग्यच झालं. पण प्लेगच्या जंतूंच्या बाटल्या त्या व्हरांड्यात इकडून तिकडे करणाऱ्या शिपायांची नावं परीक्षेत कोणी विचारत नाही.

मामाची दोन पानं कर. हाफकिनसारखं थोर वगैरे काही करू नकोस त्याचं. तो काय काय करतो एवढंच लिही. पहिल्या दिवशी हॉलच्या दारातून पोरं आत येताना कोण चक्कर येऊन पडणार, हे तो चालण्यावरून ओळखतो. त्याच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असतात. तुलाही मिळाली असणार, आठव. बॅच संपली की हाडं मोजून घेतो, एक मणका कमी निघाला तर रात्री आठपर्यंत शोधतो. देहदान केलेल्यांच्या घरचे लोक वर्षश्राद्धाला कधी कधी विभागात येतात, त्यांना काय बोलायचं हे त्याला आम्हा कोणापेक्षाही चांगलं माहीत आहे. नेमकं काय बोलतो ते मी कधी ऐकलं नाही, आदबीनं बाजूला व्हायचो. तू विचार.

३१ तारखेला त्याचा शेवटचा दिवस. एक ते दोन डबा खाऊन तो मागच्या बाकावर आडवा होतो, तेव्हा जाऊ नकोस. अडीचला जा. १९९६ ची वही दाखव म्हण. फोटो काढू नकोस, नुसती बघून ये. आणि त्याचं स्वतःचं पूर्ण नाव तुझ्या वहीत त्याच्याच हातानं लिहून घे. आस्थापनेकडून मागवू नकोस. तिथं ते चुकीचं चढलंय आणि पगाराच्या पावतीवर इतकी वर्षं तसंच येतंय.

अंक आठ दिवस उशिरा निघाला तरी बिघडत नाही. प्रेसवाल्याशी मी बोलतो.

— सर