काम सोपवलं, पण निर्णय कुणाचा?

प्रश्न : आमचा सातपूरला सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग कातायचा, गाळा आहे. चार मशीन, दोन शिफ्ट, १४ माणसं. सहा महिन्यांपूर्वी सगळं प्रोडक्शन सुपरवायझरांवर सोपवलं. तरी इन्सर्ट (धातू कापणारं, बदलता येणारं टोक) संपला, माप सरकलं, कुठला जॉब आधी लावू, असे दिवसाला वीसेक फोन येतातच. काय चुकतंय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काम त्यांच्याकडे गेलं, निर्णय अजून तुमच्याकडेच आहेत. आठवडाभर प्रत्येक फोन वहीत टिपा : काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, आणि सांगताना तुम्हाला असं काय ठाऊक होतं जे त्यांना नव्हतं. हा तिसरा रकाना नीट भरा, उत्तर तिथेच आहे.

इन्सर्टच्या फोनपुढे तो रकाना कोरा राहील. काय आणायचं, कुठून आणायचं हे त्यांना माहीत आहे, अडतं ते पैशापाशी. मग लेखी मर्यादा द्या. उदाहरणार्थ, ठरलेल्या दोन दुकानांतून एका वेळी ५,००० रुपये, महिन्याला २५,०००, बिल त्याच संध्याकाळी. इन्सर्ट बहुधा दहाच्या बॉक्समध्ये येतात. मर्यादेत एक बॉक्सही बसत नसेल तर फोन थांबणार नाहीत, तेव्हा आधी भाव बघा.

‘कुठला जॉब आधी?’ इथे मात्र रकाना भरलेला असेल. कोणाची गाडी कधी येणार, कोणाकडे माल संपत आलाय, हे फक्त तुमच्या मोबाइलवर येतं. ही माहिती न देता ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं. रोज सकाळी फळ्यावर ग्राहक, नग आणि तारीख लिहा.

मापाचं जरा तपशिलात. समजा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ एच७ आहे. एच७ हा मापात किती फरक चालेल ते सांगणारा संकेत, म्हणजे इथे २५.००० ते २५.०२१ मिमी. इन्सर्ट झिजेल तसा बोअर लहान होत जातो. दर दहाव्या नगाला मोजायचं. माप २५.००५ वर उतरलं की ऑपरेटरने कुणाला न विचारता ऑफसेटने, म्हणजे मशीनमध्ये भरायच्या दुरुस्तीच्या आकड्याने, व्यास ०.०१० ने वाढवायचा. एवढ्याने भागत नसेल तर इन्सर्ट तुटलाय किंवा जॉब नीट धरला गेलेला नाही, मशीन थांबवायचं. माप बाहेर गेलं, तर शेवटच्या बरोबर मोजणीनंतरचे सगळे नग वेगळे काढून लाल ट्रेमध्ये. ते दहाच्या वर जाणार नाहीत. बोअर गेज (भोक मोजायचं साधन) शिफ्टच्या सुरुवातीला सेटिंग रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर, लावून घेतलंच पाहिजे, नाहीतर चुकीच्या आकड्यावर दुरुस्त्या होत राहतील. मापाबाहेरचा माल पाठवायचा का, हे ठरवणं सुपरवायझरांचं नाही आणि तुमचंही नाही. त्याला ग्राहकाची लेखी डेव्हिएशन मंजुरी, म्हणजे मापातला फरक चालेल अशी परवानगी, लागते.

थांबवायचा अधिकार टिकवणं सर्वांत अवघड. टोयोटाच्या कारखान्यात काही अडलं की कामगार लाइनवरची दोरी ओढतो, तेव्हा आधी दिवा लागतो आणि टीम लीडर येतो. गाडी ठरलेल्या टप्प्यापर्यंत पोहोचली आणि अडचण सुटली नाही, तरच लाइन थांबते. मदत लगेच येते, म्हणून माणसं दोरी ओढतात. तुमच्याकडे मशीन थांबवणाऱ्याला पहिला प्रश्न ‘किती नग बुडाले?’ असा आला, तर पुढच्या वेळी तो खराब नग गुपचूप चांगल्या मालाच्या पेटीत टाकेल.

मर्यादेतला निर्णय तुम्हाला पटला नाही तर तो चारचौघांत फिरवू नका. संध्याकाळी दोघांत बोला, आणि नियम बदलायचा असेल तर उद्यापासून बदला. ऑपरेटर थेट तुमच्याकडे आला तर ‘सुपरवायझर काय म्हणाले?’ एवढंच विचारून त्याला परत पाठवा. कच्चा माल खराब आला तर तो परत करायचा अधिकारही सुपरवायझरांना हवा. रिजेक्शनचा जाब त्यांना आणि मालाची पसंती तुमची, हे अन्यायाचं आहे.

आणि पगाराचं बघा. ज्यांच्या सहीवर आता महिन्याला २५,००० खर्च होणार आणि मशीन थांबणार, त्यांचा पगार सहा महिन्यांपूर्वीचाच असेल, तर पहिल्या दोन महिन्यांतच तो वाढवा.