शाळेतील कोणत्या शिक्षकांचा प्रभाव आपल्यावर आजही टिकून आहे?

आमच्या संगीताच्या बाईंचा. मी गात नाही, कोणतेही वाद्य वाजवत नाही आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये 'प्रारंभिक'च्या पुढे कधी गेलो नाही; तरीही हा प्रश्न वाचताच गणिताच्या आणि मराठीच्या शिक्षकांच्या आधी त्याच आठवल्या.

माझे शिक्षण मिरजेत झाले. ज्या गावात सतारमेकर गल्ली आहे, ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जिथे मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, त्या गावातल्या आमच्या शाळेतही संगीताला आठवड्याला एकच तास होता आणि सहामाही जवळ आली की तोही गणिताकडे जाई. याबद्दल बाईंनी कधी तक्रार केल्याचे आठवत नाही. त्या मधल्या सुट्टीत तंबोरा काढून बसत, ज्याला यायचे तो येई.

आठवीत माझा आवाज फुटला. समूहगीताच्या सरावात वरच्या षड्जावर तो असा चिरकला की सगळी रांग हसली. बाईंनी मला बाहेर बोलावले, तेव्हा आपले नाव कापले गेले असे मी धरून चाललो होतो, पण त्यांनी मला तंबोऱ्यापाशी बसवले आणि म्हणाल्या, "आवाज बसेपर्यंत गायचं नाही. तोवर ऐकायचं."

पहिली तार पंचमाची, म्हणजे 'प'ची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे 'सा'च्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो त्या नखाने केसभर पुढे-मागे सरकवत आणि एका विशिष्ट जागी बोदा वाटणारी तार एकदम झणकारू लागे. त्यालाच जवारी लागणे म्हणतात. मग त्या म्हणत, "खर्जातून गंधार ऐकू आला की सांग." गंधाराची, म्हणजे 'ग'ची, तार तर तंबोऱ्याला नसतेच. दोन-तीन दिवसांनी कंटाळून मी खोटेच "आला" म्हणालो. "बरं, गुणगुणून दाखव." मी गुणगुणलो. बाई रागावल्या नाहीत. "हा पंचम झाला, तो तर तू छेडतोच आहेस. न छेडलेला ऐक."

तो ऐकू यायला मला जवळजवळ महिना लागला. खर्जाच्या कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर असतो, हे पुढे पदविकेच्या वर्गात कळले, पण तोपर्यंत कानाने ते आधीच मान्य केले होते.

आज मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपदुरुस्तीचे काम करतो. कंपन मोजणारी उपकरणे आमच्याकडे आहेत आणि अंतिम निर्णय त्यांच्यावरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र उपकरण कुठे लावायचे हे मला बहुतेक वेळा आधी कानाने समजते. मोटारीच्या घुमण्याखाली बेअरिंगचा एक बारीक, कोरडा स्वर असतो. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी चालू पंपाशेजारी उभे करतो आणि तो ऐकू आला की सांगा म्हणतो. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण खोटेच "आला" म्हणतात.